समुद्री प्राण्यांतील रोगकारक जीवाणू जनुकीय चाचणीने ओळखण्याची पद्धत : नमुन्यापासून अहवालापर्यंत

आजारी माशाच्या मूत्रपिंडात, मरणाला टेकलेल्या कोळंबीच्या पचनग्रंथीत किंवा किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनच्या मेंदूत एखाद्या जीवाणूचे जनुक सापडले, तर तो जीवाणू, निदान त्याचा डीएनए, तिथे होता एवढेच सिद्ध होते. त्यानेच प्राण्याला आजारी पाडले का, हा वेगळा प्रश्न आहे. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात लाखोंच्या संख्येने जीवाणू असतात आणि त्यांतले कित्येक प्राण्यांच्या त्वचेवर, कल्ल्यांत व आतड्यात कोणतेही नुकसान न करता राहतात. निरोगी कालवाच्या रक्तद्रवातही व्हिब्रिओ या वंशाचे, एरवी रोगकारक ठरू शकणारे जीवाणू सापडतात. त्यामुळे या क्षेत्रात चुकीचे निदान बहुधा यंत्राच्या बिघाडामुळे होत नाही. ते चुकीच्या जागेवरून घेतलेल्या नमुन्यामुळे किंवा निकालाला त्याच्या कुवतीबाहेरचा अर्थ दिल्यामुळे होते. पुढील मांडणीत नमुना आणि अर्थनिर्णय या दोन टोकांना अधिक जागा दिली आहे, ती याच कारणाने.

पहिली पायरी : प्रश्न एका वाक्यात लिहून काढणे

कोणतीही ट्यूब उघडण्याआधी आपण काय शोधत आहोत ते वहीत एका वाक्यात लिहावे, कारण चाचणीची निवड त्या वाक्यावरच अवलंबून असते. "या कोळंबीत तीव्र यकृत-स्वादुपिंड ऱ्हास रोगाचा विषकारी जीवाणू आहे का?" असा नेमका प्रश्न असेल, तर त्या विषाच्या जनुकावर बेतलेली एकच पीसीआर चाचणी (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणारी) पुरते. "पोषक माध्यमावर वाढलेली ही शुद्ध वसाहत कोणत्या प्रजातीची आहे?" असा प्रश्न असेल, तर एक किंवा अनेक जनुकांचे क्रमनिर्धारण, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा (बेसचा) क्रम वाचणे, करावे लागते. "हे प्राणी मरत आहेत आणि कशाने ते कोणालाच ठाऊक नाही" अशी स्थिती असेल, तर सर्व जीवाणूंचा एकत्र धांडोळा घेणारी पद्धत लागते, आणि तिच्यासाठी निरोगी प्राण्यांचे नमुने आजारी प्राण्यांइतकेच आवश्यक ठरतात. या तिसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला पहिल्या प्रकारची चाचणी लावली, तर पैसे आणि नमुना दोन्ही संपतात आणि हाती फक्त "आढळला नाही" एवढा शेरा उरतो.

किती प्राणी तपासायचे, हेही याच वेळी ठरवावे. मोठ्या समूहात १० टक्के प्राणी बाधित असतील, तर त्यांपैकी किमान एक तरी आपल्या हाती लागण्याची शक्यता ९५ टक्के असावी यासाठी २९ प्राणी घ्यावे लागतात; बाधितांचे प्रमाण ५ टक्के असेल तर ५९ आणि २ टक्के असेल तर सुमारे १५० लागतात. चाचणी शंभर टक्के अचूक आहे असे गृहीत धरलेला हा हिशेब आहे, म्हणजे प्रत्यक्षात याहून थोडे जास्तच घ्यावेत. मर चालू असताना मात्र हा हिशेब बाजूला ठेवून लक्षणे दाखवणारे, पण अजून जिवंत असलेले प्राणी निवडावेत, कारण रोगकारक सापडण्याची शक्यता त्यांच्यात सर्वाधिक असते.

परवानगी आणि सुरक्षितता

समुद्री सस्तन प्राणी व कासवे बहुतेक ठिकाणी कायद्याने संरक्षित आहेत. मृत प्राण्याच्या ऊतीलाही हात लावण्यापूर्वी संबंधित यंत्रणेची परवानगी लागते आणि संकटग्रस्त प्रजातींचे नमुने देशाबाहेर पाठवताना साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार स्वतंत्र कागदपत्रे लागतात.

डॉल्फिन, पोरपॉइस आणि सील यांच्यात ब्रुसेला सेटी व ब्रुसेला पिनिपेडियालिस हे जीवाणू आढळतात. समुद्री प्राण्यांतील ब्रुसेलाची पहिली नोंद १९९४ मधली. या दोन प्रजातींना नावे मिळाली २००७ मध्ये. प्रयोगशाळेत काम करताना माणसाला त्यांचा संसर्ग झाल्याचीही नोंद आहे. सील हाताळणाऱ्यांच्या बोटाला होणाऱ्या दुखऱ्या संसर्गामागे मायकोप्लाझ्मा असतो. त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन त्यावर निष्प्रभ ठरते. म्हणून सस्तन प्राण्याचे विच्छेदन करताना दुहेरी हातमोजे, मुखपट आणि डोळ्यांचे संरक्षण यांत सूट घेऊ नये. ब्रुसेलाचा किंवा क्षयवर्गीय जीवाणूंचा संशय असल्यास ऊतीचे संवर्धन, म्हणजे तिच्यातले जीवाणू माध्यमावर वाढवणे, उच्च जैवसुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेवर सोपवावे. आपण केवळ निष्क्रिय केलेल्या नमुन्यातून डीएनए काढावा.

दुसरी पायरी : नमुना

या पायरीवर झालेली चूक पुढे कोणतेही रसायन किंवा संगणक दुरुस्त करू शकत नाही. मृत्यूनंतर आतड्यातले जीवाणू काही तासांतच आसपासच्या अवयवांत शिरतात आणि बाहेरून समुद्रातले जीवाणू येऊन बसतात. किनाऱ्याला लागलेल्या सस्तन प्राण्यांसाठी १ ते ५ अशी अवस्थासंहिता वापरली जाते : १ म्हणजे जिवंत, २ म्हणजे नुकताच मेलेला, ३ म्हणजे मध्यम कुजलेला, ४ म्हणजे फार कुजलेला आणि ५ म्हणजे सुकलेले अवशेष. संहिता २ च्या प्राण्यातून सर्व प्रकारच्या चाचण्या करता येतात. संहिता ३ मध्ये विशिष्ट रोगकारकाची पीसीआर विश्वासार्ह ठरू शकते, परंतु सर्व जीवाणूंचा धांडोळा घेतल्यास कुजवणारे जीवाणूच समोर येतात. संहितेचा आकडा नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलाच पाहिजे; अहवाल लिहिणाऱ्याला तो लागतो.

कोणती ऊती घ्यावी, हे रोगावर ठरते. सर्वांगात पसरलेल्या जीवाणूसंसर्गासाठी हाडांच्या माशांत मूत्रपिंडाचा पुढचा भाग व प्लीहा उत्तम, कारण रक्तातले जीवाणू तिथे गाळले जातात. समुद्रसिंहातील लेप्टोस्पायरासाठी मूत्रपिंड आणि मूत्र, ब्रुसेलासाठी मेंदू, प्लीहा, लसिका ग्रंथी, जननेंद्रिये व गर्भवेष्टन, तर कोळंबीतील वर सांगितलेल्या ऱ्हास रोगासाठी जठर व यकृत-स्वादुपिंड घ्यावे. या शेवटच्या रोगात जीवाणू मुख्यतः जठरात वसाहत करतो आणि तिथून सोडलेले विष पचनग्रंथीच्या पेशी उखडून टाकते. म्हणून केवळ बिघडलेली ग्रंथी घेऊन जठर टाकून दिल्यास रोगकारक निसटू शकतो. जखम दिसत असेल तर तिच्या मधोमध असलेला सडका भाग टाळून, रोगट व निरोगी ऊती जिथे भेटतात ती कड घ्यावी.

माशाच्या मूत्रपिंडाचा नमुना कसा घ्यावा, ते उदाहरणादाखल तपशिलात पाहू. माशाची कूस ७० टक्के इथेनॉलने पुसून कोरडी होऊ द्यावी. निर्जंतुक कात्रीने गुदद्वाराच्या किंचित पुढून वर व पुढे कल्ल्याच्या झाकणापर्यंत कमानीसारखा छेद घ्यावा आणि आतडे कापले जाणार नाही याची काळजी घेत कुशीचा तुकडा उचलावा. आतडे चुकून कापले गेले, तर तो मासा नमुन्यासाठी बाद समजावा आणि दुसरा घ्यावा. आता हत्यारे बदलावीत, कारण ज्या कात्रीने त्वचा कापली तिच्यावर पाण्यातले जीवाणू आहेत. वायुकोश हळूच बाजूला केला की कण्याच्या खाली चिकटलेली गडद लाल पट्टी दिसते, तेच मूत्रपिंड. तिच्या डोक्याकडच्या टोकातून तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम वजनाचा तुकडा घ्यावा. मोठा तुकडा घेतल्याने फायदा होईल असे वाटते, पण जास्तीच्या ऊतीमुळे विद्रावण अपुरे राहते आणि शुद्धीकरणाचा स्तंभ तुंबतो.

शिंपल्यांच्या बाबतीत कवच बाहेरून घासून व इथेनॉलने पुसून घ्यावे आणि कवच मिटणाऱ्या स्नायूतून सुईने रक्तद्रव ओढावा. कवचातले पाणी रक्तद्रवात मिसळले, तर आपण प्राणी नव्हे, समुद्र तपासत असतो.

प्रत्येक नमुन्याचे शक्यतो तीन वाटे करावेत. पहिला वाटा संवर्धनासाठी, इथेनॉलचा स्पर्श होण्याआधी, थेट खारट माध्यमावर किंवा वाहक माध्यमात जावा. दुसरा जनुकीय चाचणीसाठी ९५ टक्के इथेनॉलमध्ये, ऊतीच्या किमान दहापट द्रवात, किंवा उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावा. तिसरा ऊतिविकृतीच्या तपासणीसाठी फॉर्मालिनमध्ये ठेवावा. फॉर्मालिन डीएनएचे तुकडे पाडते आणि त्याला प्रथिनांशी जखडते. जुना फॉर्मालिनमधला नमुना हेच एकमेव साधन उरले असेल, तर सुमारे २०० बेस-जोड्यांहून लहान तुकडा वाढवणारी चाचणी निवडावी, एरवी या वाटेला जाऊ नये. गोठवलेला नमुना पुन्हापुन्हा वितळू देऊ नये. आणि ज्या टाकीतून, ज्या किनाऱ्यावरून आजारी प्राणी घेतले, तिथूनच त्याच दिवशी काही निरोगी प्राणीही त्याच पद्धतीने घ्यावेत. ही सूचना सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते आणि अहवाल लिहिताना सर्वांत जास्त आठवते.

तिसरी पायरी : डीएनए वेगळा करणे

बाजारातील स्तंभाधारित संच बहुतेक कामांना पुरतात, पण समुद्री प्राण्यांच्या काही अडचणी संचाच्या पुस्तिकेत नसतात. मृदुकाय प्राण्यांच्या ऊतीतील चिकट बहुशर्करा डीएनएबरोबर वाहून येतात आणि पीसीआर रोखतात; त्यांच्यासाठी सीटॅब या रसायनावर आधारलेली पद्धत चांगली. माशांच्या लाल रक्तपेशींत केंद्रक असते, सस्तन प्राण्यांच्या नसते. म्हणून माशाच्या रक्तातून काढलेल्या डीएनएत जवळजवळ सगळा भाग माशाचाच असतो आणि जीवाणूचा शोध घ्यायला रक्तापेक्षा ऊती बरी पडते. मायकोबॅक्टेरियमची मेणचट पेशीभित्तिका प्रोटिनेज-के या विकराला सहज दाद देत नाही. तिथे काचेच्या किंवा सिरॅमिकच्या बारीक मण्यांसह जोरदार घुसळण करावी लागते. ग्रॅम-धन जीवाणूंचा संशय असेल, तर आधी पेशीभित्तिका फोडणाऱ्या लायसोझाइम या विकराची प्रक्रिया करावी. ही पायरी वगळल्यास चाचणी ऋण येते आणि प्राणी त्या जीवाणूपासून मुक्त असल्याचा खोटा दिलासा मिळतो.

प्रत्येक खेपेत एक रिकामी ट्यूब, जिच्यात ऊती नाही पण बाकी सर्व रसायने आहेत, नमुन्यांबरोबर शेवटपर्यंत न्यावी. संचातील रसायनांतच जीवाणूंच्या डीएनएचे अंश असतात आणि ते कमी जीवाणू असलेल्या नमुन्यांत मोठे होऊन दिसतात. ब्रॅडिरायझोबियम, राल्स्टोनिया यांसारखी नावे वारंवार दिसू लागली तर संशय आधी रसायनांवर घ्यावा.

डीएनएची शुद्धता प्रकाशशोषणावरून पाहावी : २६० व २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या जवळ, आणि २६० व २३० वरील गुणोत्तर २ च्या आसपास असावे. ही गुणोत्तरे चांगली असूनही पीसीआर अडू शकते, म्हणून थेट परीक्षा घेणे श्रेयस्कर. नमुना दहापट सौम्य करून पुन्हा रिअल-टाइम पीसीआर, म्हणजे डीएनए वाढत असतानाच संकेत मोजणारी पीसीआर, चालवावी. अडथळा नसेल, तर संकेत उमटण्याचा आवर्तन-क्रमांक, म्हणजे सीटी, सुमारे ३.३ ने वाढायला हवा. तो वाढला नाही किंवा उलट घटला, तर मूळ द्रावणात हीम, मेलॅनिन, मीठ किंवा बहुशर्करा यांपैकी काहीतरी पीसीआरला रोखत आहे असे समजावे. अशा वेळी सौम्य केलेले द्रावण वापरणे किंवा अभिक्रियेत बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालणे हे दोन्ही उपाय चालतात.

चाचणी किती कमी जीवाणू पकडू शकते, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करावा. २५ मिलिग्रॅम ऊतीतून डीएनए काढून तो १०० मायक्रोलिटरमध्ये घेतला आणि त्यातले ५ मायक्रोलिटर अभिक्रियेत घातले, तर त्या अभिक्रियेत १.२५ मिलिग्रॅम ऊतीचाच डीएनए आहे. उत्तम चाचणीलाही खात्रीने संकेत देण्यासाठी साधारण ३ प्रती लागतात. म्हणजे १.२५ मिलिग्रॅममध्ये ३, अर्थात एका ग्रॅममध्ये २,४०० प्रती. आणि हे डीएनए काढताना काहीच वाया गेले नाही असे मानून. यापेक्षा कमी जीवाणू असलेला प्राणी "ऋण" येणार. वाहक अवस्थेतील प्राण्यांत हे नेहमी घडते, म्हणून पिल्ले तयार करण्यासाठी निवडलेल्या प्राण्यांची एकदा केलेली ऋण चाचणी पुरेशी मानू नये.

चौथी पायरी : कोणते जनुक पाहायचे

जीवाणू ओळखण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे जनुक म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएचे १६-एस आरआरएनए. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या तुलनेतून आर्किया हा सजीवांचा स्वतंत्र गट असल्याचे दाखवले. सुमारे १,५०० बेस-जोड्यांच्या या जनुकात न बदलणारे पट्टे आणि त्यांच्यामध्ये नऊ बदलते प्रदेश आहेत. न बदलणाऱ्या पट्ट्यांवर प्रायमर (प्रत काढण्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसवले की जवळपास कोणत्याही जीवाणूचे हे जनुक वाढवता येते. शुद्ध वसाहतीची प्रजाती, निदान वंश, कळण्यासाठी ही सुरुवात योग्यच आहे.

समुद्री रोगकारकांच्या बाबतीत मात्र हे जनुक ऐन गरजेच्या ठिकाणी तोकडे पडते. व्हिब्रिओ हार्वेयी, कॅम्पबेली, ओवेन्सी, पॅराहिमोलिटिकस आणि अल्जिनोलिटिकस या जवळच्या प्रजातींचे १६-एस अनुक्रम इतके सारखे आहेत की त्यांवरून प्रजाती सांगणे धोक्याचे ठरते. शिवाय व्हिब्रिओच्या जनुकसंचात या जनुकाच्या अनेक प्रती असतात आणि त्या एकमेकींहूनही किंचित वेगळ्या असू शकतात. या गटासाठी जायर-बी, पायर-एच, रेक-ए, आरपीओ-ए, टॉप-ए यांसारख्या पेशीच्या नित्य कामाच्या जनुकांपैकी तीन-चार जनुके घेऊन त्यांचा एकत्रित वंशवृक्ष काढावा. शक्य असल्यास संपूर्ण जनुकसंचाचे क्रमनिर्धारण करून सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य (दोन जनुकसंचांतील अक्षरे सरासरी किती जुळतात) पाहावे. ९५ ते ९६ टक्के ही प्रजातीची मान्य सीमा आहे.

प्रजाती कळली तरी रोगकारकता कळते असे नाही. कोळंबीचा तीव्र यकृत-स्वादुपिंड ऱ्हास रोग २००९ पासून आशियात पसरला आणि त्यामागे व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसचे विशिष्ट वाण असल्याचे २०१३ मध्ये सिद्ध झाले. विष तयार करणारी पिर-ए व पिर-बी ही जनुके जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून सुमारे ७० हजार बेस-जोड्यांच्या एका प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरील, एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनए-वलयावर) आहेत. त्यामुळे ते प्लाझ्मिड नसलेला पॅराहिमोलिटिकस कोळंबीला हा रोग देत नाही, तर तेच प्लाझ्मिड मिळालेले कॅम्पबेली व ओवेन्सी देतात. सुरुवातीच्या काही पीसीआर चाचण्या प्लाझ्मिडच्या इतर भागांवर बेतलेल्या होत्या; प्लाझ्मिड असूनही विषजनुके गमावलेले जीवाणू त्यांत धन येत. आता चाचणी थेट विषजनुकांवर करतात. याउलट टीडीएच व टीआरएच ही याच प्रजातीची प्रसिद्ध जनुके माणसाच्या अन्नविषबाधेशी संबंधित आहेत. कोळंबीच्या मरणाचे कारण शोधताना त्यांच्यावर चाचण्या खर्ची घालू नयेत.

काही ठिकाणी जनुक नसणे हीच खूण असते. फोटोबॅक्टेरियम डॅमसेलीच्या दोन उपप्रजातींचे १६-एस सारखेच असते. पण युरिएजचे यूआरई-सी हे जनुक डॅमसेली उपप्रजातीत असते आणि पिसिसिडा उपप्रजातीत नसते, म्हणून १६-एस व यूआरई-सी ही दोन्ही जनुके एकाच अभिक्रियेत तपासतात. ब्रुसेलासाठी आयएस-७११ हा घटक सोयीचा आहे, कारण एका पेशीत त्याच्या अनेक प्रती असल्याने कमी जीवाणूही पकडले जातात. रोगकारक लेप्टोस्पायरासाठी लिप-एल-३२ हे जनुक वापरतात. पाण्यात मुक्त राहणाऱ्या निरुपद्रवी लेप्टोस्पायरांत ते नसते. गोगलगायवर्गीय अबालोनींना खंगवणारा झेनोहॅलिओटिस कॅलिफोर्निएन्सिस हा जीवाणू तर आजवर माध्यमावर वाढवताच आलेला नाही. तिथे जनुकीय चाचणी आणि सूक्ष्मदर्शक यांशिवाय दुसरा मार्गच नाही. मंद वाढणाऱ्या रेनिबॅक्टेरियम साल्मोनिनारमच्या वसाहती दिसायलाच कित्येक आठवडे जातात, आणि पेशीच्या आत राहणाऱ्या पिसिरिकेट्सिया साल्मोनिसचे संवर्धनही अवघड असते. या चाचणीचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो.

पाचवी पायरी : अभिक्रिया चालवणे

कामाची दिशा एकच ठेवावी : रसायने मिसळण्याची खोली, मग डीएनए घालण्याची जागा, मग यंत्र, आणि शेवटी वाढवलेला डीएनए पाहण्याचे जेल. वाढवलेला डीएनए ज्या जागी उघडतो, तिथून पिपेट, कोट किंवा वही मागे आणू नये. १६-एसचा संपूर्ण तुकडा वाढवण्यासाठी ९५ अंशांवर ३ ते ५ मिनिटे, नंतर ९५ अंशांवर ३० सेकंद, ५५ अंशांवर ३० सेकंद व ७२ अंशांवर ९० सेकंद अशी ३० ते ३५ आवर्तने आणि अखेरीस ७२ अंशांवर १० मिनिटे, हा क्रम सुरुवातीला वापरून पाहावा व आपल्या विकराप्रमाणे बदलावा.

नियंत्रणे चार लागतात. डीएनए काढतानाची रिकामी ट्यूब, पीसीआरमधली केवळ पाण्याची ट्यूब, ज्ञात धन नमुना, आणि प्रत्येक नमुन्यात यजमानाचे एखादे जनुक वाढते का हे पाहणारे अंतर्गत नियंत्रण. शेवटचे नियंत्रण नसेल, तर ऋण निकाल म्हणजे "जीवाणू नाही" की "अभिक्रियाच झाली नाही", हे सांगता येत नाही. धन नियंत्रणासाठी मुद्दाम एक-दोन ठिकाणी बदललेला कृत्रिम अनुक्रम वापरावा. तो नमुन्यांत सांडला तर क्रमनिर्धारणात लगेच ओळखू येतो. आणि धन नियंत्रण फार तीव्र ठेवू नये, कारण प्रयोगशाळेतील दूषिततेचे सर्वांत मोठे उगमस्थान बहुधा तेच असते.

रिअल-टाइम पीसीआरमध्ये दहापटीने सौम्य केलेल्या प्रमाणांची रेषा काढावी. तिचा उतार उणे ३.३२ असेल तर कार्यक्षमता १०० टक्के, आणि ९० ते ११० टक्के स्वीकारार्ह. सीटी ३५ च्या पुढे असलेले निकाल तीन-तीनदा तपासून व तुकड्याचा अनुक्रम वाचूनच धन म्हणावेत.

सहावी पायरी : अनुक्रम वाचणे

सँगर पद्धतीत एका वाचनातून साधारण ७०० ते ९०० बेस विश्वासार्ह मिळतात, म्हणून १६-एससाठी दोन्ही बाजूंनी वाचून जोड घालावी. संगणकाने दिलेल्या अक्षरांवर विसंबण्याआधी आलेख डोळ्यांनी पाहावा. एका जागी दोन-दोन शिखरे एकमेकांवर चढलेली दिसली, तर नमुन्यात बहुधा एकाहून अधिक जीवाणू आहेत. ऊतीतून थेट वाढवलेल्या १६-एसमध्ये हे सर्रास दिसते आणि असा अनुक्रम विदागारात टाकून मिळालेले नाव निरर्थक असते.

शोधाच्या यादीत सर्वांत वर आलेले नाव तसेच उचलू नये. सार्वजनिक विदागारात चुकीच्या नावाने भरलेले अनुक्रम भरपूर आहेत. म्हणून तुलना प्रमाणित प्ररूप-वाणांशी (प्रजातीचा अधिकृत नमुना मानलेल्या वाणांशी) करावी. साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर ती वेगळी प्रजाती असण्याची शक्यता असते. साम्य त्याहून जास्त असले, तरी प्रजाती तीच, असे मात्र १६-एसवरून ठरत नाही. तुलना किती लांबीवर झाली, हेही पाहावे; २०० बेसवर मिळालेले ९९ टक्के साम्य आणि १,४०० बेसवर मिळालेले ९९ टक्के साम्य यांची किंमत सारखी नाही.

कारण पूर्ण अज्ञात असेल, तर सर्व जीवाणूंचे १६-एस एकत्र वाचण्याची किंवा नमुन्यातला सगळाच डीएनए वाचण्याची पद्धत वापरतात. पहिल्या पद्धतीत प्रायमर यजमानाच्या सूत्रकणिकांतील आरएनए जनुकालाही पकडतात. असे अनुक्रम आधी गाळावेत. दुसऱ्या पद्धतीत बहुतांश वाचने यजमानाचीच निघतात, म्हणून प्रत्येक नमुन्याची पुष्कळ जास्त वाचने घ्यावी लागतात. दोन्हींत रिकाम्या ट्यूबचेही क्रमनिर्धारण करावे, आणि प्रतींच्या संख्येवरून जीवाणूंचे प्रमाण थेट सांगू नये, कारण एका जीवाणूत १६-एसची एकच प्रत असते तर दुसऱ्यात दहाहून अधिक.

सातवी पायरी : अर्थ लावणे

तारामाशांच्या झडून मरण्याच्या रोगाचा इतिहास इथे जवळून पाहण्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ पासून तारामासे अक्षरशः विरघळून मरू लागले. २०१४ मध्ये अनुक्रमांच्या आधारे डेन्सोव्हायरस या एका विषाणूकडे बोट दाखवले गेले; पुढे तो निरोगी तारामाशांतही आढळला आणि तो संबंध टिकला नाही. २०२५ मध्ये व्हिब्रिओ पेक्टेनिसिडाचे एक वाण हे कारण असल्याचे दाखवण्यात आले. या वेळी संशोधकांनी देहगुहेतला द्रव घेतला, आजारी व निरोगी सूर्यफूल तारामाशांच्या द्रवांतील जीवाणूंची तुलना केली, आजाऱ्यांतच भरभरून दिसणारा जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढवला, तो निरोगी प्राण्यांना टोचला आणि रोग उद्भवल्याचे पाहिले. जनुकीय चाचणीने संशयित दाखवला, पण दोष सिद्ध झाला तो तुलना, संवर्धन आणि संसर्गप्रयोग यांमुळे. आणि हे सारे शक्य झाले योग्य द्रव निवडल्यामुळे.

प्रत्येक प्रयोगशाळेला संसर्गप्रयोग करता येत नाही. पण जीवाणूचे प्रमाण आजारी प्राण्यांत निरोगींपेक्षा जास्त आहे का, सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीला झालेली इजा त्या जीवाणूला शोभणारी आहे का, आणि शक्य असल्यास खूणयुक्त प्रोबने (जीवाणूच्या अनुक्रमाला चिकटणाऱ्या छोट्या तुकड्याने) तो जीवाणू नेमका इजेच्या जागीच दिसतो का, एवढे तरी तपासावे. पीसीआर मेलेल्या जीवाणूचा डीएनएही दाखवते, म्हणून औषधोपचारानंतर लगेच आलेल्या धन निकालावरून उपचार फसला असे म्हणू नये. उलट काही व्हिब्रिओ थंड पाण्यात जिवंत असूनही माध्यमावर वाढत नाहीत, तेव्हा संवर्धन ऋण आणि पीसीआर धन असणे ही विसंगती मानू नये.

विरळ रोगाच्या सरसकट तपासणीत आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. चाचणीची संवेदनशीलता (बाधितांना धन दाखवण्याचे प्रमाण) ९५ टक्के व विशिष्टता (निरोगींना ऋण दाखवण्याचे प्रमाण) ९८ टक्के आहे आणि १,००० प्राण्यांपैकी १० बाधित आहेत असे समजा. त्या १० पैकी ९ किंवा १० धन येतील. परंतु ९९० निरोगी प्राण्यांपैकीही सुमारे २० धन येतील. म्हणजे प्रत्येक तीन धन निकालांपैकी दोन खोटे. अशा वेळी वेगळ्या जनुकावरील दुसऱ्या चाचणीने खातरजमा झाल्याशिवाय प्राणी नष्ट करण्याचा सल्ला देऊ नये.

अहवालात "रोगाचे कारण अमुक जीवाणू" असे न लिहिता, कोणत्या प्राण्याच्या कोणत्या ऊतीत, कोणत्या अवस्थेत, कोणत्या जनुकाचा अनुक्रम किती लांबीवर व किती टक्के जुळला, नियंत्रणे कशी वागली, आणि ऊतिविकृतीशी त्याचा मेळ बसतो की नाही, हे क्रमाने लिहावे. "आढळला नाही" या शब्दांपुढे चाचणीची किमान शोधमर्यादा लिहावी. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतील रोग आढळल्यास संबंधित शासकीय यंत्रणेला कळवणे बंधनकारक असते. ती सूचना अहवालाबरोबरच जावी. उरलेली ऊती, डीएनए आणि वेगळा केलेला जीवाणू उणे ८० अंशांवर, पुसली न जाणारी चिठ्ठी लावून जपून ठेवावा, म्हणजे पुढे नवी चाचणी उपलब्ध झाली की त्याच प्राण्याचा नमुना पुन्हा तपासता येईल.